पंप बदलण्याआधी एक बाटली घ्या

नंदगडच्या दादांची अडचण अशी: वडिलांची १९९७ची मारुती ८०० पावसाळाभर शेडात उभी होती. आता सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी धरत नाही. मेकॅनिक म्हणतो टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप गेलाय.

थांबा हो दादा. गेला असेलही, पण बघितल्याशिवाय पैसे घालू नका.

माझी के.ए. २२ पासिंगची आठशे अशीच जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या पावसात बसली होती. नवा पंप घातला, कार्बोरेटर दोनदा खोलला, आणि दोष निघाला टाकीजवळच्या वीतभर रबरी पाइपात! दुमडून बघितला तेव्हा केसाएवढी चीर दिसली. खाली पेट्रोलचा थेंब नव्हता, म्हणून तिकडं कुणी बघितलंच नव्हतं. या गाडीचा पंप पुढं इंजिनावर असतो, कॅमवर (इंजिनातल्या फिरत्या उंचवट्यावर) चालतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळं मागच्या पाइपाला चीर पडली की पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते.

आता तुमच्या गाडीचं. एअर क्लीनरचं झाकण काढा, इग्निशन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार हातानं ओढा. बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल तिथवर पोचलंय. मग प्लग, कॉइल, डेल्कोकडं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडं) वळा. कोरडं असेल तर बाटली काढा.

आधी कॉइलकडून येणारी मधली वायर डेल्कोच्या टोकाला काढून बॉडीला नीट टेकवून बांधा, ठिणगी उडायला नको. बिडीवाल्या मदतनीसाला लांब पाठवा. पंपाकडून कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, दहा सेकंद, मग विश्रांती, असं तीनदा. गाडी बरेच दिवस उभी होती, लाइन भरायला वेळ लागतो. थांबून थांबून जोरात चिळकांड्या आल्या तर पंप ठणठणीत आहे, कार्बोरेटरची फ्लोट-सुई (आत येणारं पेट्रोल उघडबंद करणारी) अडकली असणार.

काहीच नाही आलं? पंपाचा टाकीकडचा पाइप काढा, त्या जागी दुसरा रबरी पाइप लावून त्याचं टोक पेट्रोलच्या डब्यात बुडवा. आता ओढला तर पंप निर्दोष. फिल्टर, टाकीतली जाळी, मागचे पाइप तपासा. तरीही नाही ओढला, तर मेकॅनिक खरं बोलला. तेव्हा डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपातला डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा पडदा) फाटलाय, ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

बाटलीत आलेलं पेट्रोल लगेच ओतून टाकू नका, पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आपल्याच उसाचं म्हणा की!). ते पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून खाली बसतात, नेमकं जिथून पंप ओढतो तिथं. मग टाकी उतरवून धुवावीच लागते.

त्या काळचं रबर असल्या पेट्रोलासाठी केलेलं नाही. टाकी उतरवलीच तर सगळे रबरी पाइप आणि क्लिपा एकदमच बदला, इथेनॉलला चालणारा पाइप मागून घ्या. बाटलीत काय दिसलं ते मात्र कळवा.