मीटर म्हणतो ४० ओहम, गणित म्हणतं ५२९!

प्रश्न: माझ्याकडे १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब आहे, त्यावर २३० व्होल्ट छापलंय. शाळेतलं आठवून गणित मांडलं. १०० भागिले २३० म्हणजे करंट ०.४३५ अँपिअर, मग २३० ला ०.४३५ ने भागलं तर रेझिस्टन्स आला जवळपास ५२९ ओहम. पण बल्ब होल्डरमधून काढून मल्टीमीटर लावला तर ४० च्या आसपास दाखवतोय. मीटर बाद झालाय की माझं डोकं?

उत्तर: दोघंही ठणठणीत आहात, काळजी नको. तुम्ही गणित केलं ते पेटलेल्या बल्बचं आणि मोजलात तो विझलेला बल्ब, आणि रेझिस्टन्सच्या बाबतीत या दोन वेगळ्या वस्तू धरा. आतली तार टंगस्टनची असते, बल्ब पेटला की ती साधारण २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि धातू जितका तापेल तितका त्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून गार असताना ४० असलेला आकडा पेटल्यावर बारा-तेरा पट होतो. ओहमसाहेबांनी १८२७ साली पुस्तकात मांडलेला नियम, म्हणजे व्होल्टेज वाढेल त्याच प्रमाणात करंट वाढतो, यात कुठेही मोडत नाही, फक्त "तापमान तेच राहिलं तर" ही अट आपण परीक्षा झाली की विसरून जातो.

आता हेच ४० ओहम घेऊन उलटं गणित करून बघा. २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर, आणि पॉवर तेराशे वॉटच्या वर! आणि हे नुसतं कागदावरचं नाही बरं का, बटण दाबल्या दाबल्या अगदी क्षणभर करंट खरंच असा उसळतो, मग तार तापते आणि तो खाली येतो. जुने बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच का उडायचे त्याचं कारण यातच आहे, झिजलेल्या तारेला तो पहिला झटका झेपत नाही.

म्हणून पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स हवा असेल तर व्होल्टेज आणि करंट चालू असतानाच मोजायचे आणि भागाकार करायचा. मीटर ओहमवर ठेवून चालू सर्किटला मात्र कधीही लावू नका, मीटर तर जाईलच, हातालाही बसेल.

प्रश्न: पॉवरची दोन सूत्रं आहेत. एक म्हणतं व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, म्हणजे रेझिस्टन्स वाढला की पॉवर कमी. दुसरं म्हणतं करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे रेझिस्टन्स वाढला की पॉवर जास्त. मग खरं कोणतं? मुलगी विचारतेय आणि मी गप्प.

उत्तर: खरं सांगू, तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. दोन्ही सूत्रं खरी आहेत, फक्त सूत्र उचलायच्या आधी बघायचं की काय कायम राहतंय, व्होल्टेज का करंट.

२००० वॉटचा हीटर घ्या, २३० व्होल्टचा. करंट ८.७ अँपिअर, रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहमच्या जरा खाली. प्लगमध्ये येणारं व्होल्टेज तेवढंच राहतं, त्यामुळे कॉइलचा रेझिस्टन्स वाढवला तर करंट घटणार, पॉवरही घटणार. इथे पहिलं सूत्र सोयीचं. आणि व्होल्टेजचा वर्ग आहे हे लक्षात ठेवा, लाइन २०० व्होल्टवर उतरली तर तोच हीटर २००० ऐवजी साधारण १५१० वॉटच देतो, म्हणजे व्होल्टेज १३ टक्के पडलं की पॉवर जवळजवळ पाव उडाली.

आता त्याच हीटरचा प्लग सैल आहे समजा आणि त्या लूज कनेक्शनमध्ये अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झालाय. अर्धा ओहम म्हणजे कॉइलपुढे काहीच नाही, त्यामुळे करंट ८.७ चा ८.५ होतो, हीटर तापतच राहतो आणि कुणाला काही कळत नाही. म्हणजे त्या सैल जागेच्या दृष्टीने करंट जवळपास कायम आहे, तिथे दुसरं सूत्र लावा: ८.५ चा वर्ग गुणिले अर्धा, साधारण ३६ वॉट. छोट्या सोल्डरिंग आयर्नला २५ वॉट पुरतात, आणि इथे ३६ वॉट प्लगच्या एका पिनेवर! प्लॅस्टिक काळं पडणार नाही तर काय? लूज कनेक्शन आणखी बिघडलं, एक ओहम झालं, तर उष्णता आणखी वाढते. प्लग हाताला चांगलाच गरम लागला तर मुलीला गणित दाखवण्याआधी तो बंद करा.

प्रश्न: १२ व्होल्टवर एक एलईडी लावायचाय, ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअरचा. १२ भागिले २० केलं तर त्याच्यासोबत लावायचा रेझिस्टर ०.६ ओहमचा आला. बरोबर?

उत्तर: नाही हो, उडेल तो! मिलिअँपिअरचे आधी अँपिअर करा, २० म्हणजे ०.०२. आणि १२ मधले ३ व्होल्ट एलईडी घेतो, रेझिस्टरवर उरतात ९. तर ९ भागिले ०.०२ म्हणजे ४५० ओहम, ४७० चा सहज मिळतो तो लावा. पॉवर ०.१७ वॉटच्या आसपास येते, पाव वॉटचा रेझिस्टर चालेल पण गरम राहील, मी अर्ध्या वॉटचा घेतला असता.