पंचाहत्तरी हॉलमध्ये नको, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर करा

तुमचा प्रश्न वाचला आणि हसूच आलं, कारण काही वर्षांपूर्वी मी अगदी हेच विचारत फिरत होते. तुम्ही म्हणताय, जन्मापासून मुंबईत आहे पण मुंबई कधी धड बघितलीच नाही, आणि यंदा बाबांची पंचाहत्तरी, आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं आणि मुलीची दहावी असं तिन्ही एकाच वर्षात आलंय, तर हॉल घ्यावा की दुसरं काही करावं. माझं मत आधीच सांगून टाकते. हॉल नको. हॉल वाईट असतो असं नाही, पण हॉलमध्ये उत्सवमूर्ती खुर्चीत बसतात, दोनशे जण रांगेत येऊन पाया पडतात, पाकीट देतात आणि जेवायला पळतात. सासऱ्यांची साठी आम्ही तशीच केली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं काय आवडलं, तर म्हणाले पंखा चांगला होता.

आपण इथले लोक मुंबई बघत नाही ह्याचं कारण एकच आहे, आपल्याला कधीही जाता येतं. बाहेरगावचा पाहुणा दोन दिवसांत म्युझियम, घारापुरी, गेटवे सगळं करून जातो आणि आपण बघू कधीतरी म्हणत आयुष्य काढतो. पंचाहत्तरीला मात्र तारीख असते, ती पुढे ढकलता येत नाही. म्हणून मी घरात नियमच केला, कोणाचंही काहीही मोठं असेल तर त्या दिवशी मुंबईतली एक जागा बघायची. एकच, दोन नाहीत. आणि ती जागा त्या माणसाच्या आयुष्यातली हवी, गूगलवर पहिली येते ती नव्हे.

बाबांचंच सांगते. बाबा बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या सिटी बसवर कंडक्टर, १९७३ ला लागले आणि २००७ ला रिटायर झाले, त्यातली बरीच वर्षं डबलडेकरवर. जुन्या डबलडेकरला दोन कंडक्टर लागायचे, एक खाली एक वर, त्यामुळे पायऱ्या चढून उतरून त्यांचे गुडघे गेले ते गेलेच. डिझेलची शेवटची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला धावली तेव्हा किती लोक हार घेऊन गेले होते, मी म्हटलं बाबा चला ना, तर म्हणाले मयताला काय जायचं. तिथेच विषय संपला.

मग २०२४ ला पंचाहत्तरी आली. भावाच्या डोक्यात हॉल, वहिनीच्या डोक्यात रिसॉर्ट, आणि मी म्हटलं ११५ नंबर. ही सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाणारी नवी इलेक्ट्रिक एसी डबलडेकर, २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली. भाऊ म्हणाला वेड लागलंय तुला, बाबांना वाढदिवसाला बसमध्ये बसवणार? हो, बसवणार! रविवारी सकाळी लवकर गेलो, मुद्दाम, गर्दी नको म्हणून. बाबा आधी त्या गाडीकडे संशयाने बघत होते, आवाज येत नाही म्हणे हिचा. भावाने मागून आधार देत सावकाश वर चढवलं आणि वरची अगदी पुढची सीट रिकामी मिळाली, ती मोठ्या काचेसमोरची. बाबा उभेच राहिले. म्हटलं बसा की. तर म्हणाले, चौतीस वर्षांत ह्या सीटवर कधी बसलो नाही, ड्युटीवर बसायचं नसतं आणि ड्युटी संपल्यावर बसमध्ये थांबतंय कोण. आणि मग बसले. गाडी सुटताना समोरच्या दांड्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. डबल बेल. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे आम्हाला लहानपणी जेवायच्या ताटावर चमचा वाजवून शिकवलेलं.

नंतर कंडक्टर वर आला, अगदी पोरगेलासा, त्याला कळलं हे जुने आहेत तर तिकीट देता देता अर्धा रस्ता दोघं डेपोच्याच गप्पा मारत होते, आम्हाला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तेव्हा एसीचं कमीत कमी तिकीट सहा रुपये होतं, मे २०२५ पासून बारा झालंय. म्हणजे सगळ्या कुटुंबाची पंचाहत्तरी शंभर रुपयांच्या आत झाली, नंतरचा नाश्ता सोडून.

त्या दिवशी अजून एक गंमत झाली. माझ्या लेकीने विचारलं आजोबा तुम्ही ट्राम बघितली होती का, आणि बाबा सुरूच झाले. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे, घरी न सांगता बघायला पळालेले आणि आल्यावर मार खाल्लेला. ही गोष्ट आम्ही कोणीच कधी ऐकली नव्हती, आईनेसुद्धा नाही! लेकीला त्याच दिवशी कळलं की दादर टीटी मधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. रोज तिथून जाते, तिला वाटायचं कुठल्यातरी दुकानाचं नाव असेल.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगेन ती ही, की बाबांना सरप्राइज बिरप्राइज देत बसू नका, त्यांनाच गाइड करा. ते गिरणीत होते का, बँकेत, पोस्टात, गोदीत, जिथे होते तिथून सुरुवात करा. आत जाता येणार नाही बऱ्याच ठिकाणी, गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल झालेत, तरी गेटसमोर उभं राहून माणूस बोलतो. फक्त एक, अशा ठिकाणी मोबाइल समोर धरून रेकॉर्डिंग करायला जाऊ नका, बोलणं लगेच बंद होतं किंवा भाषण सुरू होतं. खिशात ठेवून करा करायचंच तर.

आता पन्नासावा. आमच्या आईबाबांचा २०२५ च्या मे मध्ये झाला. आईला विचारलं लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला कुठे गेला होतात, तर म्हणे म्हातारीचा बूट, अजून कुठे जाणार, तेव्हा सगळेच तिथे जायचे. म्हणजे मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधलं ते बुटाच्या आकाराचं घर. त्याच्या अगदी जवळ ३० मार्च २०२५ ला तो नवीन उंचावरचा लाकडी रस्ता सुरू झालाय, निसर्ग उन्नत मार्ग, साधारण ४८५ मीटर, झाडांच्या शेंड्यांमधून चालायचं आणि एका ठिकाणाहून खाली चौपाटी दिसते. तिकीट पंचवीस रुपये, ऑनलाइन वेळ बुक करावी लागते. पहाटे पाचला उघडतो म्हणून आम्ही साडेसहाचीच वेळ घेतली, मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन दहानंतर मुंबईत बाहेर पडणं म्हणजे शिक्षा आहे. आई अर्ध्या वाटेत दमली, बसली, परत उठली. बाबा पुढे जाऊन परत मागे आले. काही फार बोलले नाहीत दोघं. नंतर बुटासमोर फोटो काढला आणि बाबा म्हणाले ह्याचा रंग वेगळा होता, आई म्हणाली नाही, हाच होता, आणि टॅक्सीत घरी येईपर्यंत ते भांडण चाललं. अजून मिटलेलं नाही.

संध्याकाळी नाटक ठेवा असं बरेच जण सुचवतील आणि बरोबरच आहे, पण रात्री साडेआठचा प्रयोग घेऊ नका. मी घेतला होता एकदा बाबांच्या सत्तरीला, मध्यंतरानंतर ते सरळ झोपले आणि घोरले, पुढच्या रांगेतल्या बाईंनी तीनदा मागे वळून बघितलं. दुपारचा चारच्या आसपासचा प्रयोग बघा. दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचं गडकरी, जे घराजवळ असेल ते, त्यासाठी उगाच लोकल बदलत जाऊ नका. तिकीट काढताना पायऱ्या किती आहेत, लिफ्ट आहे का ते विचारा आणि कडेची सीट घ्या, कारण ह्या वयात दोन अंकांच्या मधे एकदा तरी उठावं लागतंच. आणि प्रयोग संपला की लगेच पार्किंगकडे धावू नका, रंगपटात जाऊन कलाकारांना भेटता येतं, मराठी नाटकवाले अजून तरी त्याला नाही म्हणत नाहीत. आज आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली असं आईने सांगितल्यावर घामाघूम झालेला तो नट वाकून पाया पडला दोघांच्या. हॉलमधल्या दोनशे नमस्कारांपेक्षा आई तोच एक सगळ्यांना सांगत असते.

मुलीच्या दहावीचं मात्र वेगळं आहे, तिथे तुमचं काही चालू देऊ नका. माझी लेक लहान असताना तिच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयात गेलो, गेटवर गेल्यावर कळलं बुधवार, बंद. माझीच चूक, सुट्टीचा वार बघायला काय जात होतं. रडारड. (तशीच घारापुरी सोमवारी बंद असते आणि बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारीच.) पुढच्या रविवारी परत गेलो तेव्हा पेंग्विनसाठीच गेलो होतो, पण लेकीच्या लक्षात राहिला तो भाऊ दाजी लाड म्युझियमबाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्या हत्तीवरून पडलं तोच हा, १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तुटला, म्हणून इथेच राहिला, पुढे १९१४ च्या सुमारास तुकडे जोडून भायखळ्याला उभा केला. आणि त्याच आवारात तो खरा काळा घोडा आहे, सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन, १९६५ ला फोर्टातून हलवलेला. म्हणजे घोडा भायखळ्यात आणि काळा घोडा नावाचा चौक फोर्टात! चौकात आता २०१७ पासून नवीन घोडा आहे, त्याच्या पाठीवर राजाबिजा कोणी नाही. लेकीने तेव्हा विचारलं होतं, मग राजा पडला का? म्हटलं हो, १९४७ ला.

पण सोळा वर्षांच्या मुलीला हे सांगायला गेलात तर ती कानात इअरफोन घालेल. तिला मैत्रिणींबरोबर फोर्टाजवळच्या ओव्हल मैदानावर पाठवा. ओव्हलच्या मधोमध उभं राहिलं की एका बाजूला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, सगळं ते दगडी टोकदार गॉथिक, आणि दुसऱ्या बाजूला गोल गोल बाल्कन्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगी, ह्या दोन्ही बाजू मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्यात. फोटोंचं वेड असेल तर तीन तास कसे जातील कळणार नाही, तुम्ही तोवर समोर क्रिकेट बघत बसा. निकाल उन्हाळ्यात लागतो, ऊन फार वाटलं तर जानेवारीअखेरपर्यंत थांबा, काळा घोडा फेस्टिव्हल तेव्हा सुरू होतो, नऊ दिवस असतो, फुकट असतो, फक्त शनिवार-रविवारी मुंगीला जागा नसते तेव्हा मधल्या वारी जा.

गणपतीत पंचाहत्तरी येत असेल (तुम्ही तारीख लिहिली नाहीये) तर मोठ्या राजांच्या रांगेत आईबाबांना उभं करू नका, गिरगावात केशवजी नाईक चाळीत न्या. १८९३ पासूनचा गणपती, मूर्ती अजून लहानच, दोन मिनिटांत दर्शन होतं आणि चाळीच्या चौकात निवांत उभं राहता येतं.

नातेवाइकांचं काय, हे तुम्ही विचारलंयत. रागावतात. आमच्या आत्या सहा महिने बोलत नव्हत्या. मग आम्ही काय केलं, पुढच्या दोन-तीन रविवारी दहा-बारा जणांना घरी बोलावलं, पुरीभाजी आणि श्रीखंड, बाबांनी प्रत्येक वेळी बसची आणि ट्रामची गोष्ट सांगितली आणि प्रत्येक वेळी ट्राममधली गर्दी थोडी वाढली. आत्या आता म्हणतात मला का नाही नेलंत डबलडेकरमध्ये.

बाकी बारीकसारीक म्हणजे रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी कुठल्या लोकल बंद आहेत ते, आदल्या दिवशी बघा, आम्ही पन्नासाव्याच्या दिवशी नाटकाला निघताना विसरलो आणि पहिली घंटा होता होता पोचलो. म्हाताऱ्यांना अडीच-तीन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, नाटक असेल तर दुपारी झोप झालेली हवी. पाण्याची बाटली, गोळ्या, टॉयलेट कुठे आहे ते आधी बघून ठेवणं, हे सगळं एका माणसाकडे द्या आणि तो माणूस फोटो काढणारा नको. बसचं चलो ॲपवर बघून जा, मार्ग बदलत असतात. आणि बाबा कुठे नोकरीला होते, लग्नानंतर कुठल्या चाळीत किंवा कॉलनीत राहिले तेवढं लिहा, मग सकाळचा रूट नीट सांगते. आमच्या बाबांनाही विचारीन, कुठल्या स्टॉपवरून कुठली बस जायची ते त्यांना अजून पाठ आहे.