वाचकांचे प्रश्न : चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाकारणे गरिबावर अन्याय आहे का?

प्रश्न : पारोळा तालुक्यातल्या गावात माझे मेडिकल आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बाया संध्याकाळी येतात, "भाऊ, पोऱ्याले जुलाब लागनात, दोन गोया दी द्या" म्हणतात. डॉक्टरकडे गेले तर फी लागते, मजुरीही बुडते. नाही म्हटले की गरिबाचे औषध अडवल्यासारखे वाटते. काय योग्य?

उत्तर : कायदा तुम्हाला माहीत आहे. शेड्यूल एच या सरकारी यादीतले औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. १ मार्च २०१४पासून एच-वन यादीतल्या, म्हणजे सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिक औषधांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपायची. पण तुम्ही विचारताय ते न्यायाबद्दल.

लहान मुलांचे बहुतेक पातळ जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. त्यामुळे ती गोळी नाकारताना तुम्ही त्या पोराचे काही हिरावत नाही. दिलीत, तर मात्र पोटातले साधे जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि शौचावाटे, पाण्यावाटे वस्तीत पसरतात. हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. पुढे त्याच वस्तीतल्या बाळंतिणीला किंवा तान्ह्या बाळाला खरा जंतुसंसर्ग झाला, की औषध लागू पडत नाही. ती बाळंतीण आज तुमच्या काउंटरवर उभी नाही, म्हणून तिची बाजू तुम्हालाच धरावी लागते.

मात्र नुसते "नाही" म्हणून परत पाठवणे हा अन्यायच. औषध वाचवण्याचा सगळा भार मजुराच्या माथी का? त्या बाईच्या हातात ओआरएस आणि झिंक द्या, आणि वापर समजावून सांगा. एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच टाकायचे आणि चोवीस तासांत संपवायचे. पाकीट थोडे थोडे पेल्यात टाकले तर मीठ जास्त होते, ते धोक्याचे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याने किंवा घोट-घोट. झिंक सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, सलग चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की बाया झिंक बंद करतात. आणि ओआरएसने जुलाब थांबत नाहीत म्हणून तेही सोडतात, खरे तर त्याचे काम गेलेले पाणी भरून काढण्याचे आहे. पैशांची अडचण असेल तर आशाताईंकडे ओआरएस फुकट मिळते.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, पाणी न पिणे, सहा तास लघवी नाही, यातले एकही दिसले तर त्याच रात्री सरकारी दवाखान्यात पाठवा, १०८ला फोन तुम्हीच लावा. रक्ताच्या आवेवर अँटिबायोटिक खरोखर लागते. तिथे हात आखडणे हा दुसऱ्या बाजूचा अन्याय.

खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मात्र कधीच स्वतःहून देऊ नका. त्याने क्षयाचे जंतू काही दिवस दबतात, निदान लांबते आणि जंतू त्याच औषधाला सरावतात. दोन आठवड्यांवरचा खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

प्रश्न : म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली, एका सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली. बाकी तीन सडांचे दूध डेअरीत घालू का? (साक्री)

उत्तर : नाही. औषध रक्तात उतरून चारही सडांत येते आणि उकळल्यानेही भरवशाने जात नाही. ट्यूबवर दूध न वापरण्याचा जो काळ छापलेला असतो, तो शेवटच्या ट्यूबपासून मोजा. तोवरचे दूध वासरालाही पाजू नका. अशा दुधाचे दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूही मरतात. नुकसान मोठे आहे, हे खरे. म्हणून दगडी होऊच नये यासाठी धार काढल्यावर सड पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि पुढ्यात चारा टाकून म्हैस अर्धा तास उभी ठेवा. तेवढ्या वेळात सडाचे तोंड मिटते.