रडलं तर विश्वास कमी पडतो का?

"मॅडम, रडलं म्हणजे आपला विश्वास कमी पडला, असं होतं का?"

अहिल्यानगरकडच्या एका ख्रिस्ती मंडळीतल्या ताई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) यजमान जाऊन चार महिने झालेले. झोप येत नाही म्हणून मुलगा माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आला होता. दफनविधीच्या वेळी कुणीतरी दंड धरून कानाशी म्हणालं होतं, "ते प्रभूमध्ये निजलेत. रडून विश्वासाची साक्ष बिघडवू नका." तेव्हापासून ताई भेटायला येणाऱ्यांना कोरड्या डोळ्यांनी चहा द्यायच्या आणि रात्री मोरीत नळ सोडून रडायच्या. पाणी दिवसाआड, म्हणून तेही बादली भरेपर्यंतच.

मी पाळकाच्या घरात वाढले, त्यामुळे ते दंड धरणं ओळखीचं आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलं, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. लोक त्यातलं अर्धंच उचलतात. खेदच करू नका, असं तो कुठे म्हणतो?

एरवी मी आपणहून बायबल काढत नाही. वचनांच्या आड दुःख लपवणं फार सोपं असतं. पण ताईंच्या पिशवीत त्यांचं होतंच, खुणेला यजमानांचं चष्मा पुसायचं फडकं. योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय काढायला सांगितला. मेलेल्या मित्राला, लाजराला, जिवंत उठवायचं ठरवूनच येशू त्याच्या गावी, बेथानीला आलाय. तरी 35व्या वचनात दोनच शब्द आहेत.

"येशू रडला," ताईंनी वाचलं. मग एकदम वर बघून, "पण मुलगा गेलेल्या नाईन गावच्या विधवेला तर 'रडू नको' म्हणाला होता."

बाई वाचणारी होती!

म्हटलं, "हो. आणि लगेच तिचा मुलगा जिवंत करून तिच्या हवाली केला. तुमचा दंड धरणाऱ्यांनी काय दिलं?"

त्या हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मी नुसती बसून राहिले.

जेवणखाण, जगण्याची इच्छा यांची चौकशी मी वेगळी करतेच. तिथे काही खटकलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. ताईंचं तसं नव्हतं. त्यांना रोज रात्री बायबलमधलं स्तोत्र 88 वाचायला सांगितलं, मोरीत नाही, पलंगावर बसून, मोठ्यानं. ते अंधारावरच संपतं. शेवटी धीराची ओळ नाही.

पुढच्या खेपेला मुलगा आधी आत आला. "आईचं वाचणं भिंतीपलीकडून ऐकू येतं," म्हणाला, "माझ्यासाठी एक वेळ देता का?"