बंडी उलाळ होऊ देऊ नका : घरी बांधायच्या कॅम्पिंग ट्रेलरबद्दल वाचकांचे प्रश्न

बोलेरो, थार, जिप्सीमागे ओढायचा, पांदणीतून जाणारा, दोघांना झोपता येईल असा छोटा ट्रेलर गावच्या वर्कशॉपमध्ये बांधणाऱ्यांची पत्रं आली आहेत. बहुतेकांना गादी आणि ओट्याची काळजी. माझं उत्तर फिरून फिरून वजनावर येतं, त्याला इलाज नाही.

आठ बाय पाच फुटांचा सांगाडा करतोय. वेल्डर म्हणतो १०० चा चॅनल लावा, जन्मात वाकणार नाही. ऐकू का? (हिंगणघाट)

नका ऐकू. तो ट्रॉल्या बांधतो आणि ट्रॉलीत तीन-चार टन माल पडतो. तुमच्या ट्रेलरमध्ये गादी, शेगडी आणि पाणी. १०० चा चॅनल मीटरला साडेनऊ किलो भरतो, ५० बाय ५० चा ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप साधारण सव्वाचार. चौकट आणि आडवे पाइप धरून तुम्हाला सोळा मीटरच्या आसपास लोखंड लागेल. म्हणजे नुसत्या सांगाड्यात ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा फरक. एक अख्खा माणूस फुकट ओढत न्यायचा कशाला?

दांडी, म्हणजे गाडीच्या हुकला जोडायचा पुढचा भाग, मात्र दणकट हवी. ७५ चा चॅनल घ्या, 'ए'च्या आकारात दोन बाजूंनी आणा आणि पुढच्या आडव्या पाइपाला चिकटवून न थांबता त्याच्या खालून मागे पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरपर्यंत, म्हणजे पाटा टांगायच्या कडीपर्यंत न्या. दांडी जिथे चौकटीखाली शिरते तिथेच ती सगळ्यात जास्त वाकते. त्या जागी चॅनलला आडवं वेल्डिंग मारलं की तडा तिथूनच सुरू होतो. लांबीच्या दिशेने मारा. वेल्डर कुरकुरेल, उभं राहून करवून घ्या.

ट्रेलर तयार झाला. गावात चांगला चालतो, हायवेवर साठच्या पुढे गेलं की शेपूट हलवतो. टायर बदलू का? (मोर्शी)

टायरचा दोष नाही. बंडी हाकलेल्या माणसाला विचारा, तो न बघता सांगेल. मागे ओझं जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलायला लागतं. पुढे जास्त झालं की धुरजड, बैल मान टाकतात. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर आला पाहिजे. सहाशे किलोंचा ट्रेलर असेल तर साठ ते नव्वद किलो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या पहिल्या ट्रेलरला मी साठ लिटरची पाण्याची टाकी अगदी मागे बसवली होती, नळ बाहेर काढायला सोपा म्हणून. वर सिलिंडर आणि शेगडीही मागेच. कोंढाळीच्या पुढे उतारावर सत्तरच्या वेगाने तो असा हलायला लागला की आरशात एकदा डावी बाजू दिसे, एकदा उजवी. मी घाबरून ब्रेक दाबला, तेच चुकलं. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ॲक्सिलरेटर सोडायचा. नशीब चांगलं, मागून ट्रक नव्हता. घरी आल्यावर टाकी एक्सलच्या जरा पुढे सरकवली आणि हलणं गेलं.

मोजायला कापूस तोलायचा लटकता काटा आणा. तीन बल्ल्यांची तिकाटी उभी करा, ट्रेलर सपाट जागी, सामान-पाणी भरलेलं, चाकांना दगड. दांडीचं टोक काट्याला टांगा, गाडीच्या हुकच्या उंचीवर आणा आणि आकडा वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी दहातले नऊ जण करत नाहीत.

ट्रॉलीचा जुना एक्सल आणि चाकं स्वस्तात मिळताहेत. चालतील? (दारव्हा)

स्वस्तात मिळतात ते घरी ठेवा. स्प्रिंग नसलेल्या एक्सलवर तासाभरात डब्यांची झाकणं उघडतात आणि प्लायचे स्क्रू सैल होतात. ओढणाऱ्या गाडीचीच चाकं घ्या, बोल्टही तेच आले पाहिजेत, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना पुरते. दोन चाकांतलं अंतरही गाडीइतकंच ठेवा. पांदणीत चाकोरी पडलेली असते. गाडी चाकोरीत आणि ट्रेलर एका चाकाने मधल्या उंचवट्यावर, असं झालं की तो कलंडायला बघतो.

पाटे भंगारातून आणा, पण जसेच्या तसे लावू नका. बोलेरोचे मागचे पाटे भरल्या गाडीसाठी असतात, तुमच्या ट्रेलरला ते दगडासारखे. एक-दोन पानं काढा. भरलेल्या ट्रेलरवर चढून उडी मारली की तो खाली जाऊन वर आला पाहिजे.

आता काळी माती. पहिल्या पावसानंतर ती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये ठासून भरते आणि चाक फिरायचं थांबून घसरत जातं. टायर आणि मडगार्डमध्ये वीतभर जागा सोडा, अर्धाच मडगार्ड लावला तर आणखी बरं. खुरपी हाताशी ठेवा. खरं सांगायचं तर ओल्या कन्हारीत, म्हणजे या चिकट काळ्या मातीत, ट्रेलर घालूच नका, पाऊस थांबून एक चांगलं ऊन पडू द्या.

नाला ओलांडण्याआधी दहा मिनिटं थांबा. चालून तापलेला हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधाळ झालं की बेअरिंगचे दिवस भरले समजा.

उन्हाळ्यात आत भट्टी होते. एसी बसवता येईल का? (ब्रह्मपुरी)

तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे बॅटरीवर एसी चालवायचं स्वप्न सोडा. छत दुहेरी करा : वरचा पत्रा पांढरा, खालच्या छताच्या दोन इंच वर, मधून वारा वाहता. खालच्या छताला आतून थर्माकोल आणि प्लाय. समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या आणि एक ३० वॉटचा पंखा. रात्रभर दहा तास चालला तर ३०० वॉट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी यापेक्षा चौपट साठवते आणि वजन जेमतेम बारा-तेरा किलो. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नासच्या पुढे जाते, तीही उगाच उचलून फिरू नका.

वाळ्याची ताटी खिडकीला लावून पाणी मारलं तरी मे महिन्यात झोप लागते. जुलैत त्याचा काही उपयोग नाही, हवाच ओली असते.

आरटीओची भानगड आहे का? (वाशिम)

आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो आणि कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही. लोखंड विकत घेण्याआधी आराखड्याचा कागद घेऊन तुमच्या आरटीओत जा, नंतर नको. गाडी किती वजन ओढू शकते ते कंपनीच्या पुस्तकात बघा. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोंची हद्द आहे, आपणही त्याच्या आतच राहिलेलं बरं.

चालत्या ट्रेलरमध्ये पोरं झोपली तर चालेल का? (यवतमाळ)

नाही, ताई.

आम्हाला फिरायचं नाही. हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर थंडी वाजते. असा ट्रेलर शेतात ठेवला तर? (समुद्रपूर)

भाऊ, सगळ्या पत्रांत मला हे आवडलं. ओढायचं अंतर एक-दोन किलोमीटर, म्हणून पंखा-बॅटरी-ओटा सगळं वगळा. चारही बाजूंना खिडक्या हव्यात, कारण जागलीला बघता आणि ऐकता आलं पाहिजे. चारी कोपऱ्यांना पाय द्या आणि प्रत्येक पायाखाली फूटभर रुंद फळी ठेवा, नाहीतर ओलिताच्या रात्री एक पाय खचतो आणि तुम्ही गादीसकट भिंतीला जाऊन लागता. आत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका, बंद डब्यात न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दोन रजया घ्या.

एक गोष्ट मात्र बघूनच ट्रेलर उभा करा. रानडुकरांसाठी शेजाऱ्याने कुंपणात थेट लाइनचा करंट सोडलेला असेल तर त्या तारेजवळ लोखंडी डब्बा नेऊच नका, आणि शेजाऱ्याला ती तार आजच काढायला लावा.