झाकलं जाणारं काम

बेटा,

नागपूरला बेसा रोडच्या साइटवर इंजिनिअर म्हणून लागलास, बरं झालं. परवा फोनवर विचारलंस, "पैसे खाल्ले नाहीत म्हणजे झालं ना?" तेवढ्यानं होत नाही. तू पैसे खाणार नाहीस, याची मला खात्री आहे. पण आपलं बरंचसं काम झाकलं जातं. स्लॅब पडल्यावर आतली सळई मोजायला कोणी येत नाही. तिथं काय होतं, ते फक्त तुझ्या सहीवरून कळणार. तिथं राहणारी माणसं तर तुला ओळखतही नसतील.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. काँक्रीट लवकर घट्ट व्हायला लागतं, मग मजूर त्यात बादलीभर पाणी जास्त ओततो. माल छान पसरतो, कंत्राटदारही खूश होतो, पण काँक्रीटची ताकद उतरते आणि वरून काहीच दिसत नाही. तेव्हा हटकायचंच. नुसतं हटकून मात्र मोकळा होऊ नकोस. त्या उन्हात त्याचेही हात चालायला हवेत. खडी सावलीत ठेवून ओली करायला लाव, काम पहाटे सुरू करण्याचा आग्रह धर. मजुराला ओरडणं सोपं, साहेबांकडून वेळ बदलून घेणं अवघड. पण खरी जबाबदारी तिथं आहे.

क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरताना स्लॅबवर पडतोय त्यातलाच माल घे. जास्त सिमेंटचे तीन क्यूब वेगळे भरून 28 दिवसांनी झकास रिपोर्ट आणायचा, हा प्रकार मी पाहिलाय. मला त्याची लाचेपेक्षा जास्त चीड येते. आकडा खरा असतो, पण ताकद त्या तीन ठोकळ्यांची असते, इमारतीची नाही.

क्युरिंगचंही, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याचंही, तेच. आपल्यासारख्या कोरड्या, तापलेल्या हवेत आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटलासुद्धा किमान 10 दिवस सांगतं. रजिस्टरमध्ये दहावा दिवस लिहिण्याआधी स्लॅबवरचं पोतं ओलं आहे का, हात लावून बघ.

गुरुवारी स्लॅब आहे म्हणालास. बुधवारी संध्याकाळी टेप घेऊन स्वतः वर चढ. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. मजुरांच्या पायांखाली ती खाली दबते. सकाळी माल यायच्या आत पुन्हा बघ. दबलेली दिसली तर उचलून नीट बांधून होईपर्यंत काम थांबव. कोणी आवाज चढवला तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
काका