आधी पेशी बघ

प्रिय मित्रा,

तुझी ईमेल आणि सोबतचा आलेख पाहिला. यीस्टची सीडीसी२५-२२ स्ट्रेन (एक जनुक बिघडलेला वाण, म्हणजे म्युटंट) ३६ अंशांवर चार तास ठेवूनही विभागायची ‘थांबत नाही’, ओडी चढतच राहते, म्हणून यीस्ट सोडून माणसाच्या पेशींकडे वळावं का, असं विचारतोयस. एवढ्या लांब पत्रात पेशी दिसत कशा होत्या, यावर एक ओळ नाही.

आधी पेशी बघ.

ओडी म्हणजे गढूळपणा, पेशींची संख्या नव्हे. हा म्युटंट ३६ अंशांवर विभाजनात शिरत नाही, पण वाढायचा थांबत नाही. दोन्ही टोकांनी लांबत जातो. संख्या जागच्या जागी राहते आणि गढूळपणा वाढतो. तुला फसलेला वाटणारा आलेख कदाचित उत्तम जमलेल्या प्रयोगाचा असेल! स्लाइडवर एक थेंब ठेवून दोन मिनिटं पाहिलं असतंस तर कळलं असतं. साधी पॉम्बे, म्हणजे याच यीस्टची न बिघडलेली पेशी, साधारण १४ मायक्रॉनला मधोमध सेप्टम (आडवी भिंत) घालून दुभंगते. तुझ्या फ्लास्कात त्याहून कितीतरी लांब, सेप्टम नसलेल्या, एकाच केंद्रकाच्या काड्या दिसल्या तर स्ट्रेन थांबलेली आहे.

नसतील दिसत, तर बिघाड कुठे ते शोधायचं. पहिला संशय तापमानावर घे. २०० मिली कल्चर हवेच्या इनक्युबेटरमध्ये ठेवलं तर ते तापायलाच बराच वेळ जातो. हलणारा वॉटरबाथ वापर आणि तापमान फ्लास्कातल्या द्रवाचं मोज, डब्यावरचा आकडा धरू नकोस. थांबलेल्या पेशी एकदम विभागायला सुटाव्यात म्हणून परत २५ वर आणताना फ्लास्क बर्फपाण्यात गोल फिरव, अल्कोहोलने पुसलेला थर्मामीटर आत ठेव आणि २५ दिसताक्षणी बाहेर काढ. हे सावकाश झालं की पेशी एकत्र सुटत नाहीत आणि सेप्टम असलेल्या पेशींच्या आलेखातलं शिखर पसरट होतं.

दुसरा संशय कल्चरवर. रात्रभर वाढून गच्च झालेल्या कल्चरपासून सुरुवात करू नकोस. त्या पेशी उपाशी आणि आखूड असतात, ताज्या माध्यमात सावरायला त्यांना वेळ लागतो. मिलीमध्ये २० ते ४० लाख पेशी असताना तापमान चढव, आणि त्याआधी दोन-तीन पिढ्या तरी कल्चर सलग वाढतं ठेव.

तिसरा संशय प्लेटवर. महिनोन्महिने फ्रिजमधल्या एकाच प्लेटवरून स्ट्रेन उचलत राहिलास तर ३६ वरही विभागणाऱ्या पेशी त्यात घुसतात. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून नव्याने काढ, फ्लॉक्सिन-बी हा रंग घातलेल्या प्लेटवर पसर. गडद गुलाबी वसाहत दिसली तर ती द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) असू शकते. द्विगुणित पेशी मुळातच लांब असतात आणि लांबीचा सगळा अर्थ बिघडवतात. कशी ओळखशील? पुन्हा तेच, मायक्रोस्कोपखाली बघून.

माणसाच्या पेशींबद्दल थोडक्यात सांगते. १९८७ मध्ये मेलनी ली आणि पॉल नर्स या संशोधकांनी माणसाची जनुकं सीडीसी२ हे विभाजनाचं जनुक बिघडलेल्या याच जातीच्या यीस्टमध्ये घातली. त्यातल्या एका जनुकाने ती पुन्हा विभागायला लागली. माणसातला विभाजनाचा मुख्य एन्झाइम यीस्टमुळे हाती आला. त्याआधी एडिनबरात नर्सना आखूड असतानाच विभागणाऱ्या पेशी मायक्रोस्कोपखाली दिसल्या होत्या. तसे सुमारे पन्नास म्युटंट जमले. एक सोडून सगळे वी१ जनुकातले निघाले आणि तो एक सीडीसी२ मधला. त्याच्या प्लेटवर बुरशी चढली होती, ती फेकून दिली होती आणि नंतर परत जाऊन उचलली, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. यीस्टला ‘जुनं’ म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं वाद घालत आलेय, तेव्हा या बाबतीत मी तटस्थ नाही. तरीही विषय बदलायचाच असेल तर जरूर बदल, पण न बघितलेल्या पेशींवरून नको. तिथेही पेशी बघाव्याच लागतील.

आकड्यांवर भिस्त ठेवून नमुने टाकून देण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आवाज चढलाय. रागावू नकोस.

आता हे कर. मायक्रोस्कोपची लांबी मोजायची पट्टी स्टेज मायक्रोमीटरने (बारीक खुणा असलेल्या स्लाइडने) जुळवून घे. तापमान उतरवल्यावर दर २० मिनिटांनी नमुना घे, सेप्टम उठून दिसावा म्हणून कॅल्कोफ्लोर या रंगाने रंगव, प्रत्येक वेळी किमान २०० पेशी मोज आणि त्यांतल्या किती पेशींत सेप्टम आहे ते वहीत लिही. एरवी वाढत्या कल्चरमध्ये हे प्रमाण १०-१५ टक्क्यांच्या आसपास असतं. पेशी नीट एकत्र सुटल्या तर शिखरावर निम्म्याहून जास्त पेशींत सेप्टम दिसतो. २५ अंशांवर न थांबवलेल्या कल्चरमधल्या सेप्टम असलेल्या १०० पेशींची लांबीही मोज. ही स्ट्रेन तिथेही साध्या पॉम्बेपेक्षा जरा लांबच असते, दचकू नकोस.

पुढच्या ईमेलला आलेख जोडू नकोस. शून्य, दोन आणि चार तासांचे फोटो पाठव, पट्टीसकट.